पेपर माझा, मीच देणार!

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही म्हणजे काय, ते मला विचारा! बी. ए. चा शेवटचा पेपर टाकून घरी आले तेव्हा 'सुटले बाई एकदाची' म्हणून वह्या-पुस्तकं जी माळ्यावर टाकली, ती कायमची. त्यानंतर परीक्षा दिल्या त्या मुलांच्या. म्हणजे अभ्यास त्यांचा आणि पोटात गोळा माझ्या! पण यंदाच्या मार्च महिन्यात रात्री साडेअकरा वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गोल, त्रिकोण, चौकोन अशी चित्रं पाठ करत होते. आमचे 'हे' पाणी प्यायला उठले आणि दारातच थबकले.

"अगं, कलेक्टरची परीक्षा आहे का उद्या?"

"लर्नर्स लायसनची आहे," मी म्हटलं. "आणि नापास झाले तर गटातल्या बायकांना तोंड दाखवायला जागा नाही!"

हे हसले आणि झोपायला गेले. मला मात्र त्या रात्री हसू येत नव्हतं. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

साताऱ्यात आमच्या भागातल्या महिला बचत गटाचं काम मी गेली बारा-तेरा वर्षं बघते. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमचं गटाचं हळदीकुंकू असतं. जानेवारी महिना रस्ता सुरक्षेचाही. म्हणून यंदा वाण काय द्यायचं यावर चर्चा चालू असताना कुणीतरी म्हणालं, "प्लॅस्टिकच्या डब्या पुरे झाल्या आता. काहीतरी उपयोगाचं द्या." त्यावर आमच्या आशा सेविका चटकन बोलल्या, "मग लायसन द्या सगळ्यांना! निम्म्या बायका स्कूटीवर फिरतात, लायसन एकीकडं नाही."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण आतून चपापले. कारण त्या 'निम्म्या बायकां'मध्ये मीही होते.

हो, खरं तेच सांगते. २००१ साली, मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना, माहेरी माझं लर्नर्स लायसन काढलं होतं. काढलं म्हणजे काय, ओळखीचे एक एजंट काका घरी आले, चार ठिकाणी सह्या घेतल्या, फोटो घेतले. "परीक्षेचं काय?" असं मी विचारलं तर म्हणाले, "ते माझ्यावर सोड पोरी." आठवड्यानं कागद हातात. काय प्रश्न असतात, कुणी विचारले, कुणी उत्तरं दिली, देव जाणे! पुढे सहा महिन्यांत त्या कागदाची मुदत संपली, लग्न ठरलं आणि पक्कं लायसन राहिलं ते राहिलंच. सासरी स्कूटी आली. भाजीला, बँकेत, मुलांना शाळेत सोडायला, गटाच्या मीटिंगला, वीस वर्षं मी बिनधास्त फिरले. 'लांब कुठं जायचंय?' हे माझं स्वतःलाच दिलेलं उत्तर. समाजकार्य करणारी बाई आणि खिशात लायसन नाही!

हळदीकुंकवाच्या दिवशी ठरलं. पाच जणींनी लर्नर्ससाठी अर्ज करायचा. आशा सेविका, शिवणाचे क्लास घेणारी आमच्या गल्लीतली सूनबाई, पापड-कुरडयांचा व्यवसाय करणाऱ्या मावशी, घरोघर डबे पोचवणाऱ्या वहिनी आणि पाचवी मी. मला स्कूटीबरोबर मोटारीचंही हवं होतं.

घरी सांगितलं तर चिरंजीव म्हणाले, "आई, कशाला एवढा व्याप? २०२१ पासून आपल्याकडे घरबसल्या परीक्षा देता येते. आधारवरचा ओटीपी आला की झालं. तू नुसती कॅमेऱ्यापुढं बस, उत्तरं मी शेजारून सांगतो. दहा मिनिटांचं काम!"

मैत्रिणींनो, प्रामाणिकपणे सांगते, मला मोह झाला होता. २००१ सालच्या एजंट काकांची जागा आता माझ्या मुलानं घेतली होती, एवढाच फरक. त्यात पैसेही वाचत होते आणि वर लेकाचं कौतुक.

पण अडलं ते डब्यांच्या वहिनींपाशी. त्यांच्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला होता तो त्यांच्या यजमानांचा. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. नंबर कधीच बंद झालेला. त्या नंबरवर ओटीपी येणार कसा? मग दुसरी वाट बघितली. आधारचं प्रमाणीकरण नको असेल तर वयाचा आणि पत्त्याचा पुरावा देऊन, तारीख घेऊन, आरटीओत जाऊन परीक्षा देता येते. वहिनींना एकटीनं तिथं जायचा धीर होईना. आशा सेविका म्हणाल्या, "मग सगळ्याच जाऊ की. पाच जणी बरोबर असलो तर काय खातंय का कुणी?" असा आमचा आरटीओचा बेत ठरला. एकीच्या अडचणीसाठी पाच जणी अभ्यासाला लागल्या.

आता अर्जाविषयी थोडं, कारण अनेकींना तीच भीती असते. लर्नर्सची फी एका प्रकारच्या वाहनासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. शिक्षणाची अट नाही. फॉर्म नंबर एक म्हणजे आपल्या तब्येतीविषयी आपणच द्यायचं निवेदन. आपण चाळिशीच्या पुढच्या असलो तर डॉक्टरांचा दाखलाही लागतो, त्याला फॉर्म एक-अ म्हणतात. हे ऐकून पापडवाल्या मावशी रुसल्या. "म्हंजे चाळीस झाली की बाई मोडीत काढली का?" पण त्याच फॉर्मनं त्यांचं भलं केलं. त्यात एक प्रश्न आहे, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचा नंबर वाचता येतो का? आम्ही गंमत म्हणून अंगणात पावलं मोजली आणि समोरच्या गाडीचा नंबर एकेकीला वाचायला लावला. मावशींना एकही आकडा दिसेना! पापड लाटताना, हिशेब लिहिताना काही अडत नव्हतं, त्यामुळे लांबचं दिसत नाही हे त्यांना कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आठवड्यात चष्मा आला. चष्मा लावून पहिल्यांदा अजिंक्यताऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया, वरच्या भिंतीचे दगड दिसायला लागले की!"

मग अभ्यास सुरू झाला. रोज दुपारी तीन ते चार, आमच्या अंगणात. प्रश्नांचा संच मराठीत मिळतो आणि परीक्षाही मराठीतून देता येते, हे कळल्यावर निम्मी भीती गेली. परीक्षेला पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यायला हवेत. प्रत्येक प्रश्नाला मोजकाच वेळ. संगणक वाट बघत बसत नाही, पुढचा प्रश्न आणतो.

पहिला धडा चिन्हांचा. एवढी चिन्हं लक्षात ठेवायची कशी? शिवणक्लासच्या सूनबाईनं युक्ती काढली. तिनं रांगोळीचा डबा आणला आणि अंगणात चिन्हंच काढायला घेतली. काढता काढता आमच्या लक्षात आलं की ह्याला एक साधा हिशेब आहे. गोल म्हणजे हुकूम. अमुक करू नका किंवा अमुक कराच. लाल कड असलेला त्रिकोण म्हणजे सावध करणं, पुढं वळण आहे, पुढं शाळा आहे, पुढं अरुंद पूल आहे. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती, दवाखाना इथं, पेट्रोल पंप तिथं. आणि दोन चिन्हं मुद्दामच वेगळ्या आकाराची. 'थांबा'ला आठ कोन आणि 'रस्ता द्या'ला उलटा त्रिकोण. म्हणजे धुळीनं माखली, रंग उडाला, तरी नुसत्या आकारावरून कळावं. "सासूबाईंसारखं आहे हे," आशा सेविका म्हणाल्या, "गोल चेहरा केला की हुकूम, भुवई वर गेली की सावधान!" त्या दिवसापासून गोल, त्रिकोण, चौकोन आम्ही कधी विसरलो नाही.

दुसरा धडा नियमांचा. आणि इथं एकेक आश्चर्याचे धक्के बसायला लागले. प्रश्न होता, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यानं कोणत्या बाजूनं चालावं? पाचही जणींनी एका सुरात सांगितलं, डावीकडून! उत्तर आहे उजवीकडून. म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. आयुष्यभर आम्ही पाठीमागून येणाऱ्या गाडीवर विश्वास टाकून चाललो. दुसऱ्या दिवसापासून माझी सकाळची फिरायची बाजू बदलली.

अरुंद पुलावर समोरून गाडी शिरतेय, तर तुम्ही काय कराल? थांबायचं, तिला येऊ द्यायचं, मग जायचं. घाटात चढणारी गाडी आणि उतरणारी गाडी समोरासमोर आल्या, रस्ता पुरत नाही, तर मान कुणाचा? चढणाऱ्या गाडीचा. आम्ही यवतेश्वरच्या घाटानं इतक्या वेळा कासला गेलो असू, पण हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यांपाशी माणसं रस्ता ओलांडायला उभी आहेत, तर? हॉर्न वाजवत पुढं जायचं, वेग कमी करून हॉर्न द्यायचा, की गाडी थांबवून त्यांना जाऊ द्यायचं? थांबवायची. मागून रुग्णवाहिका आली तर? बाजूला होऊन वाट द्यायची. दवाखान्याच्या दारात गाडी लावली तर? चूक. आणि फाटक नसलेल्या रेल्वे रुळाशी आलो तर? गाडी डावीकडे थांबवायची, खाली उतरायचं, रुळापर्यंत चालत जाऊन दोन्हीकडं बघायचं आणि मगच गाडी न्यायची. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत रेल्वेनं बंद केली, पण परीक्षेच्या नियमात हा विषय आहेच. आम्हाला सगळ्यात जास्त हसू ह्याच प्रश्नानं आलं. "ट्रॅफिकला कुणी उतरून बघतंय होय!" असं मावशी म्हणाल्या.

एक दिवस तर मावशींनी शोधच लावला. म्हणाल्या, "ताई, मला ह्या पेपराची मेख कळली. ज्या उत्तरात 'थांबा' नाहीतर 'दुसऱ्याला जाऊ द्या' असंल, तेच बरोबर धरायचं!" खरंच की! सगळेच प्रश्न तसे नसतात, पण बरेचसे तसेच असतात. पास होण्याची क्लृप्ती म्हणून मावशींनी सांगितलं, पण वाहतुकीच्या अख्ख्या कायद्याचं सार त्या एका वाक्यात आहे.

वयाचा प्रश्न आला तेव्हा मात्र दोघी-तिघींचे चेहरे उतरले. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. आपल्या दारातल्या स्कूटर बहुतेक शंभर सीसीच्या पुढच्या. त्याला अठरा पूर्ण हवीत. आणि २०१९ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. लायसन नसताना गाडी चालवायला दंड ५ हजार. शिवणक्लासच्या सूनबाईचा भाचा दहावीच्या क्लासला तिचीच स्कूटी घेऊन जायचा. त्या संध्याकाळी तिनं किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. घरात चार दिवस धुसफुस झाली म्हणे, पण किल्ली पर्समध्येच राहिली.

असे हसतखेळत आमचे दिवस चालले होते. आणि मग तो प्रश्न आला.

त्या दिवशी प्रश्न वाचायची पाळी डब्यांच्या वहिनींची होती. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. अक्षरांवर बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत त्या वाचतात. "तुमच्या वाहनाचा अपघात होऊन... एखादी व्यक्ती जखमी झाली... तर तुम्ही काय कराल?"

खाली पर्याय होते. बरोबर उत्तर हे, की जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सगळं करायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं.

वहिनींनी उत्तर वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट तिथंच. आम्हाला वाटलं एखादा शब्द अडला. तर त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "ताई, हा प्रश्न त्या टेम्पोवाल्याच्या पेपरात आला नव्हता का वो?"

अंगणात कुणी काही बोलेना.

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी कारखान्यातून सुटून सायकलवर घरी येत होते. महामार्गाच्या कडेच्या रस्त्यावर एका टेम्पोनं मागून धडक दिली आणि तो निघून गेला. दिवसाउजेडी. येणारे-जाणारे थांबले, गर्दी जमली, पण 'पोलिसांचं लचांड कशाला मागं लावून घ्या' म्हणून हात कुणी लावला नाही. पाऊण तासानं दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तेव्हा आम्ही गटातर्फे त्यांच्या घरी गेलो होतो, डब्यांचा व्यवसाय सुरू करायला कर्जही दिलं होतं. पण चार वर्षांत वहिनी त्याविषयी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या टेम्पोवाल्याच्या पेपरात तो प्रश्न आला होता की नाही, मला काय माहीत? पण त्याच वेळी मनात आलं, की माझ्या पेपरात तो आला नव्हता. कारण मी पेपर दिलाच नव्हता! २००१ साली कुणीतरी माझ्या वतीनं 'मी जखमीला मदत करीन' असं उत्तर दिलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आणि आता पुन्हा मुलाच्या शेजारी बसून मी तेच करायला निघाले होते.

लेखी परीक्षा म्हणजे लायसनच्या वाटेतला एक अडथळा, असंच आपण समजतो. पण विचार करा, गाडी हातात येण्याआधी सरकार आपल्याला फक्त एवढंच विचारतं, की समोर माणूस आला तर काय करशील? म्हातारी रस्ता ओलांडत असेल तर? शाळा सुटली असेल तर? तुझ्याच हातून कुणी पडलं तर? पुढं रस्त्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. त्याचं उत्तर आधीच, शांत डोक्यानं, खुर्चीवर बसून एकदा देऊन ठेवायचं असतं. ते उत्तर दुसऱ्यानं दिलं तर आपल्या डोक्यात राहणार कसं? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्या आकड्यात असलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी आमच्या वहिनींसारखं कुणीतरी बसलेलं आहे.

त्या दिवशी चिन्हं, नियम सगळं बाजूला ठेवलं आणि एकाच गोष्टीवर बोललो. रस्त्यावर पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. १०८ ला फोन लावायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे त्या दिवशी तिथं उभं राहिलेल्यांना ठावं असतं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

त्या रात्री मी चिरंजिवांना सांगितलं, "माझा पेपर मीच देणार. तुला मदतच करायची असेल तर उद्या तुझा लॅपटॉप घेऊन अंगणात ये आणि आम्हाला माऊस धरायला शिकव." पोरगं खरंच आलं. सारथी पोर्टलवर सरावाची परीक्षा असते, ती त्यानं एकेकीला लावून दिली. पहिल्या दिवशी मावशींचा माऊस टेबलावरून खाली पडला, वहिनींचा वेळ तिसऱ्याच प्रश्नाला संपला. आठवड्याभरात मात्र चौघी-पाचजणी दहा-अकराच्या पुढं जायला लागल्या. वहिनींना एकच अडचण, वाचायचा वेग. मग त्या रोज रात्री डबे घासून झाले की पोराकडून पाच-पाच प्रश्न मोठ्यानं वाचून घ्यायच्या आणि मग स्वतः वाचायच्या.

अखेर तो दिवस उगवला. सकाळी देवापुढं दिवा लावला, मुलाच्या हातानं दही-साखर खाल्ली (इतकी वर्षं मी त्याच्या हातावर ठेवत आले!) आणि पाच जणी निघालो. कागदपत्रं तपासून झाली. संगणकापुढं बसल्यावर माझे हात गार पडले. पहिला प्रश्न चिन्हाचा, आला. दुसरा ओव्हरटेकचा, आला. मधे एका प्रश्नाला घाई केली आणि चुकले. पंधरावा झाला आणि पडद्यावर आलं, उत्तीर्ण. पंधरापैकी तेरा! खुर्चीतून उठताना बी. ए. चा निकाल लागला तेव्हासुद्धा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

आशा सेविका आणि सूनबाई पास. पापडवाल्या मावशी मात्र बाहेर आल्या त्या पदर डोळ्यांना लावूनच. आठ! एका मार्कानं गेल्या. "'थांबा' म्हणून सगळी उत्तरं दिली, तर दोन ठिकाणी जायचं होतं वाटतं," म्हणाल्या. रडता रडता त्यांना आणि आम्हाला हसू फुटलं. पुन्हा ५० रुपये भरून परत परीक्षा देता येते. मावशींनी दिली आणि दुसऱ्या खेपेला अकरा मार्क मिळवून पास झाल्या.

आणि डब्यांच्या वहिनी? त्या सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "किती?"

"दहा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तो प्रश्न आला होता ताई. वाचायला पण लागला नाही."

लर्नर्स लायसनची मुदत सहा महिने असते आणि पक्क्या लायसनची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. तेवढे दिवस गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल रंगातला 'एल' लावायचा. आमच्या गल्लीत ते 'एल' लावलेल्या स्कूटी फिरायला लागल्या तसे टोमणेही सुरू झाले. "काय काकू, ह्या वयात शिकाऊ?" मी म्हणायचे, "हो रे बाबा, तू पेपर दिला होतास का?" बहुतेकांची नजर खाली जायची.

आता पाचही जणींकडे पक्कं लायसन आहे. मी मोटार चालवते, अजून पोवई नाक्यावर जरा घाम फुटतो, पण चालवते. डब्यांच्या वहिनींनी गटाच्या कर्जातून जुनी स्कूटी घेतली. पूर्वी पायी बारा डबे व्हायचे, आता पंचवीस होतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या मागं बसून बँकेत निघाले होते, दोघींच्याही डोक्यावर हेल्मेट. शाळा सुटायची वेळ. पांढऱ्या पट्ट्यांपाशी चार-पाच पोरं दप्तरं घेऊन उभी होती. वहिनींनी स्कूटी थांबवली. मागून लगेच हॉर्नचा कल्ला सुरू झाला. एक जण तर बाजूनं डोकं काढून ओरडला, "ओ मावशी, चला की! गाडी येत नाही तर चालवता कशाला?"

वहिनी हलल्या नाहीत. पोरं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. शेवटच्या पोरीनं जाता जाता हात केला. वहिनींनी मागे वळून त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. मला एवढंच म्हणाल्या, "ताई, त्याचा पेपर दुसऱ्यानं दिला असंल."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या पर्समध्ये आज लायसन नाही, हे मला माहीत आहे, कारण काल-परवापर्यंत माझ्याही नव्हतं. काढा. अवघड काही नाही. चष्मा लागत असेल तर लावा, रांगोळीनं चिन्हं काढा, दुपारची एक मालिका चार आठवडे बंद ठेवा. नवरा म्हणेल मी बघतो, मुलगा म्हणेल मी सांगतो, कुणी ओळखीचा म्हणेल माझ्यावर सोडा. त्यांना चहा द्या, आभार माना, पण पंधरा प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हीच द्या. नापास झालात तरी बिघडत नाही. पन्नास रुपयांत पुन्हा देता येते.